सांध्याला मालक हवा

८ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या कंपनीचं जाळं देशभर कोसळलं. सुमारे एक कोटी ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले, ते पूर्ववत व्हायला दिवस मावळला. अशा वेळेसाठी एक सोय आधीच करून ठेवलेली असते. स्वतःच्या कंपनीचं जाळं नाहीसं झालं, तर फोन दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पकडतो आणि निदान आपत्कालीन क्रमांक तरी लागतो. तिथला तो क्रमांक ०००. त्या दिवशी २,१४५ जणांना तो लागला नाही. चौकशीत यामागचं एक कारण पुढे आलं, ते चमत्कारिक होतं. मागचं सगळं मेलेलं असताना ऑप्टसचे काही थ्रीजी टॉवर मात्र ‘मी आहे, मी आहे’ असं हवेत सांगत राहिले. पाठीमागच्या केंद्राशी संबंध तुटला की टॉवरने आपलं प्रसारण आपणहून आवरतं घ्यायचं असतं. ते या टॉवरांनी घेतलं नाही. फोनला वाटलं आपलं घर जागेवर आहे, म्हणून तो शेजाऱ्याच्या दारी गेलाच नाही.

या घटनेत नुसतं थ्रीजी म्हणून पाहिलं तर थ्रीजी बिघडलेलं नव्हतं. टॉवर प्रसारणाचं आपलं रोजचं काम इमानेइतबारे करत होते, चुकलं ते वेळेवर थांबणं. शेजारच्या कंपन्यांची जाळीही ठणठणीत होती. मोडलं ते या दोहोंमधलं, ‘आता तू सांभाळ’ असं म्हणून काम सोपवण्याचं ठिकाण. दूरसंचार सेवांचे गेल्या काही वर्षांतले मोठे बिघाड पाहिले, की ही एकच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत भेटत राहते. एका तंत्रज्ञानातून दुसऱ्यात जाताना जो सांधा लागतो त्याला मालक नसतो. आणि माझं म्हणणं असं, की यावर कंपन्या आणि सरकारं जो उपाय मोठ्या हौसेने करत आहेत, म्हणजे सगळं एकाच जाळ्यात आणून सांधेच नाहीसे करणं, तो उपाय निम्मा चुकीचा आहे.

सांधे किती असतात याची कल्पना फोन कानाला लावणाऱ्याला नसते, असायचं कारणही नाही. साधा फोनवरचा आवाज घ्या. फोरजीचं मानक, मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत, २००८ मध्ये ठरलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो या शहरांत ते बाजारात आलं. या मानकात आवाजासाठी जुन्यासारखी राखीव वाट ठेवलेलीच नव्हती. जे काही जाईल ते डेटाच्या पुडक्यांतून जाईल, असं ठरलं होतं. कल्पना उत्तम होती. पण फोन हा बोलण्यासाठीही असतो, ही अडचण पुढे ढकलली गेली. मग तोडगा निघाला. फोरजीवर इंटरनेट पाहत बसलेल्या फोनला कॉल आला, की त्याने घाईघाईने टूजी किंवा थ्रीजीवर उतरायचं, तिथे बोलायचं, आणि बोलणं संपलं की पुन्हा वर चढायचं. क्रमांक फिरवल्यावर रिंग वाजेपर्यंत जी अवघडलेली शांतता असायची, तिच्यातले काही क्षण या जिन्याच्या चढउताराचे होते. २०१२ पासून व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची सोय, हळूहळू सुरू झाली. पण बोलता बोलता माणूस फोरजीच्या टापूबाहेर चालत गेला तर? त्यासाठी चालू संभाषण न तोडता जुन्या जाळ्याकडे सोपवण्याची आणखी एक रीत रचावी लागली. फाइव्हजीतही पहिल्या टप्प्यात बहुतेकांनी नवे टॉवर जुन्याच फोरजी केंद्राला जोडले. पडद्यावर फाइव्हजीचं चिन्ह, बोलणं मात्र फोरजीवरून.

यातला प्रत्येक जोड कोणा हुशार माणसाने विचारपूर्वक बांधलेला आहे. त्याबद्दल मला आदरच आहे. पण ग्राहक पैसे ‘फोरजीच्या आठव्या आवृत्तीचे’ देत नाही. तो पैसे देतो ते पलीकडच्या माणसाचा आवाज ऐकू येण्याचे.

हा प्रश्न नवा नाही. तार आली तेव्हाही तो होताच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात प्रत्येक देशाची तारयंत्रणा वेगळी, उपकरणं वेगळी, दर वेगळे. सरहद्दीवर तार कागदावर उतरवून घ्यायची, तो कागद पलीकडच्या तारबाबूच्या हातात द्यायचा, आणि त्याने ती पुन्हा आपल्या यंत्रावर वाजवायची. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० देशांनी करार केला आणि आंतरराष्ट्रीय तार संघ जन्माला आला. आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ तो हाच. त्या करारात कोणाला ‘तुमची यंत्रणा मोडून आमची घ्या’ असं सांगितलेलं नव्हतं. सरहद्दीवर तार कशी द्यायची, कशी घ्यायची, पैसे कसे वाटून घ्यायचे, हे मुख्यतः लिहिलं होतं. थोडक्यात, यंत्रणा ज्याची त्याची, पण सांध्याचे नियम सर्वांचे.

दुसरा मार्ग अमेरिकेत घडला. टेलिफोनचे जनक बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत १८९० च्या दशकात संपली आणि गावोगावी स्वतंत्र टेलिफोन कंपन्या उगवल्या. त्या बेल यांच्या कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे धंदेवाईक माणसाला टेबलावर दोन दोन फोन ठेवावे लागत. एका कंपनीच्या ग्राहकांसाठी एक, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांसाठी दुसरा. १९०७ मध्ये एटी अँड टी या बेल समूहाच्या मुख्य कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या थिओडोर व्हेल यांनी यावर घोषणाच दिली: एक धोरण, एक यंत्रणा, सर्वांना सेवा. म्हणजे सगळं आमच्याकडे द्या, सांधेच उरणार नाहीत. शेवटी १९१३ मध्ये सरकारच्या दबावाखाली कंपनीने स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडून घ्यायचं मान्य केलं.

पॅरिसचा मार्ग आणि व्हेल यांचा मार्ग. गेल्या वीस वर्षांत आपण कोणतीही मोठी चर्चा न करता दुसऱ्या मार्गावर आलो आहोत. फक्त या वेळी ‘एक यंत्रणा’ म्हणजे एक कंपनी नव्हे, तर प्रत्येक कंपनीच्या आतला एकच आयपी गाभा, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणारं मधलं केंद्र. घरचा फोन, मोबाइल, टीव्ही, बँकांच्या जोडण्या, आपत्कालीन क्रमांक, सगळं त्याच राउटरांमधून, म्हणजे माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांमधून.

हा मार्ग मोहक वाटतो. जुन्या पद्धतीत व्यवस्थापन किती किचकट होतं हे नियंत्रण कक्षात रात्रपाळी केलेल्या कोणालाही विचारा. टॉवरांचा पडदा वेगळा, फायबरचा वेगळा, एक्स्चेंजचा वेगळा, राउटरांचा वेगळा, आणि प्रत्येक पडदा वेगळ्या उत्पादकाचा. एक फायबर तुटली की चारही पडद्यांवर शेकडो अलार्म, पण मूळ दुखणं एकच आहे हे सांगणारा पडदा नाही. याच्या उलट प्रसंग त्याहून वाईट. सगळे दिवे हिरवे आणि ग्राहकाचा फोन लागत नाही. टॉवरवाला म्हणतो माझ्याकडे ठीक आहे, ट्रान्समिशनवाला म्हणतो माझ्याकडे ठीक आहे, कोअरवाला, म्हणजे गाभा सांभाळणारा, तक्रारीचं तिकीट परत टॉवरवाल्याकडे पाठवतो. तू राणी, मी राणी, पाणी कोण आणी.

हे होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फार आधी एक आराखडा दिला होता. एम.३०१० नावाच्या त्या शिफारशीत व्यवस्थापनाची उतरंड मांडली आहे: तळाशी उपकरणं, त्यावर त्या उपकरणांचं व्यवस्थापन, त्यावर जाळ्याचं, त्यावर सेवेचं, आणि सर्वांत वर व्यवसायाचं. कागदावर ही रचना सुरेख आहे. प्रत्यक्षात खालचे मजले भक्कम बांधले गेले, कारण उपकरण विकणाऱ्याला त्याच्यासोबत ते सांभाळायचं सॉफ्टवेअरही विकता येतं. वरचा धंद्याचा मजलाही झगमगीत झाला, कारण बिल तिथून निघतं. मधला, सेवेचा मजला मात्र भाड्याने दिलेल्या घरासारखा राहिला. जो तो वापरतो, डागडुजी कोणी करत नाही.

इंटरनेटच्या जगातही हेच. जाळ्यातली उपकरणं सांभाळण्यासाठी १९८८ मध्ये आलेला एसएनएमपी हा नियम साधा होता म्हणून त्याच्या अवजड प्रतिस्पर्ध्यांवर मात करून सगळीकडे पोचला. २००२ मध्ये इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने जाळी चालवणाऱ्यांना आणि नियम लिहिणाऱ्यांना समोरासमोर बसवलं, तेव्हा जाळी चालवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं: तुमचा नियम आम्ही नजर ठेवायला वापरतो, बदल करायला नाही, बदल आम्ही हाताने आज्ञा टंकूनच करतो. आणि आम्हाला सुटी सुटी उपकरणं नव्हे, अख्खं जाळं एकसंध मानून सांभाळता यायला हवं. त्यातून पुढे २००६ मध्ये नेटकॉन्फ आणि २०१० मध्ये यांग ही, उपकरणांत बदल करण्याची साधनं आली. ती चांगली आहेत. पण ती ज्या माहितीवर चालतात, तिचं काय?

इथे मला जरा रेंगाळायचं आहे. कारण या क्षेत्रातलं सर्वांत कंटाळवाणं काम हेच सर्वांत मोलाचं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ते काम म्हणजे नोंदवही. कोणती सेवा कोणत्या उपकरणातून, कोणत्या तारेतून, कोणत्या पर्यायी वाटेने जाते याची खरी, आज सकाळपर्यंतची नोंद. बहुतेक ठिकाणी उपकरणांची यादी असते, तारांचे नकाशे असतात, ग्राहकांची यादी असते, पण या तिन्हींना बांधणारा धागा नसतो. दोन स्वतंत्र वाटा म्हणून घेतलेल्या जोडण्या पुढे कुठेतरी एकाच चरातून जातात, हे चर खणला जाईपर्यंत कळत नाही. नोंद नीट ठेवणाऱ्याला बढती मिळत नाही, नवं तंत्रज्ञान आणणाऱ्याला मिळते. मग विलीनीकरण होतं, दोन कंपन्यांच्या दोन अर्धवट नोंदवह्या एकत्र येतात, आणि तिसरी, पूर्ण चुकीची नोंदवही तयार होते. याच नोंदींवर उद्या स्वयंचलित व्यवस्थापन उभं करायचं आहे. युरोपीय मानक संस्था एत्सीने २०१७ मध्ये ‘शून्य स्पर्श’ व्यवस्थापनासाठी गट स्थापन केला. म्हणजे माणसाचा हातच लागू नये, जाळ्याने स्वतःच स्वतःला सावरावं. उद्दिष्टाशी भांडण नाही. पण चुकीच्या नोंदीवरून माणूस एक राउटर बिघडवतो. यंत्र तीच चूक तेवढ्या वेळात सगळ्या राउटरांवर करेल.

आता एकच गाभा करण्याच्या मोहाची किंमत. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स या कंपनीच्या सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचं सगळंच गेलं. मोबाइल, घरचं इंटरनेट, फोन, दुकानांतली कार्ड यंत्रं. गाभ्याच्या सुधारणेचे सात टप्पे होते, त्यातला हा सहावा. आधीचे पाच सुरळीत पार पडल्याने सहाव्याची जोखीम कमी धरली गेली होती. एका राउटरवरची गाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्यात शिरला आणि गाभ्यातले राउटर कोसळले. इथवर ती माणसाची चूक. खरी गोष्ट पुढे आहे. मोबाइल आणि तारेवरच्या सेवांचा गाभा एकच, म्हणून दोन्ही एकदम गेल्या. बिघाड दुरुस्त करायला राउटरांपर्यंत पोचायची वाटही त्याच गाभ्यातून जात होती, तीही गेली. अभियंत्यांच्या खिशातले फोन त्याच कंपनीचे, त्यामुळे एकमेकांशी बोलायचीही पंचाईत. कारण सापडायलाच चौदा तास लागले. आणि त्या काळात रेडिओचे टॉवर चालूच होते, म्हणून अनेकांचे फोन आपत्कालीन क्रमांकासाठी दुसऱ्या कंपनीकडे वळले नाहीत. हे वाक्य तुम्ही वर वाचलेलं आहे. कॅनडातल्या या प्रसंगानंतर बरोबर सोळा महिन्यांनी ऑस्ट्रेलियात तेच घडलं.

रॉजर्सच्या सहाच दिवस आधी, २ जुलै २०२२ ला, जपानमध्ये केडीडीआय या दूरसंचार कंपनीचं जाळं आजारी पडलं. तिथे राउटरच्या देखभालीत चूक झाली आणि जेमतेम पाव तास आवाजाची वाहतूक अडली. तेवढं निस्तरलंही. पण त्या पाव तासात तुटलेले फोन पुन्हा नोंदणी करायला एकदम धावले. व्होल्टीच्या यंत्रांवर ताण आला, ग्राहकांच्या नोंदींचे साठे एकमेकांशी जुळेनासे झाले, आणि पाव तासाचा अडथळा अडीच दिवसांहून जास्त चालला. त्यात हवामान खात्याच्या केंद्रांची आकडेवारी अडली, टपाल आणि मालवाहतुकीच्या नोंदी अडल्या. फोनचा ‘फ’ ज्यांच्या कामात दिसत नाही, अशांचीही कामं अडली. आणि ब्रिटनमध्ये ६ डिसेंबर २०१८ ला एका सॉफ्टवेअरमधल्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याने कोट्यवधी लोकांचा मोबाइल डेटा दिवसभर गेला होता. त्याच सॉफ्टवेअरमुळे त्याच दिवशी जपानमध्येही जाळं बंद पडलं. तारीख उलटली एवढंच.

एकसारखेपणा म्हणजे व्यवस्थापन, असा समज या सगळ्यामागे आहे. सगळं एकसारखं केलं की सांभाळणं सोपं होतं हे खरंच. पण मग सगळं एकत्रच पडतं, हेही तितकंच खरं. जुन्या काळी तांब्याच्या तारेवरचा फोन आणि मोबाइल यांची तंत्रं, यंत्रं, अगदी विजेची सोयसुद्धा वेगळी होती. तो गोंधळ होता. पण एक गेलं तर दुसरं उभं राही. ते वेगळेपण कोणी मुद्दाम राखलेलं नव्हतं, ते आयतं पदरात पडलेलं होतं. आता ते आयतं मिळणार नाही, हवं असेल तर ठरवून राखावं लागेल. रॉजर्सनेही बिघाडानंतर मोबाइल आणि तारेवरच्या सेवांचे गाभे वेगळे करायचं जाहीर केलं, म्हणजे जे एकत्र केलं होतं तेच खर्च करून पुन्हा सोडवायचं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. जुनी जाळी किती दिवस पोसायची? ती वीज खातात, लहरींचा मोलाचा पट्टा अडवून बसतात, सुटे भाग मिळत नाहीत, जाणकार निवृत्त होतात. आणि सुरक्षेचं काय? एक्स्चेंजांना आपसात बोलायला लावणारी एसएस७ ही पद्धत १९७० च्या दशकात घडली, ती मोजक्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्यांसाठी. जो आत आला तो आपलाच, असं ती मानते. २०१४ मध्ये हॅम्बर्गच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं, की या विश्वासाचा फायदा घेऊन दूर कुठेतरी बसून कोणाचा ठावठिकाणा काढता येतो, संदेश वळवता येतात. टूजीमध्ये फोन आपली ओळख जाळ्याला पटवतो, पण जाळं आपली ओळख फोनला पटवत नाही, त्यामुळे तोतया टॉवर उभा करून फोनला खाली ओढता येतं. म्हणजे जुनं तंत्र आपल्या कोपऱ्यात गप्प पडून राहत नाही. नव्या घराला कितीही मजबूत कुलूप लावलं, तरी मागचं जुनं दार उघडं असेल तर चोर तिथूनच येणार. हे सगळं मला मान्य आहे. जुनं ते सोनं म्हणून जपा, असं मी म्हणत नाही. बंद करायचं असेल ते करा. पण बंद करताना तुम्ही काय बंद करत आहात हे नीट पाहा.

तिथेच गफलत होते. कंपनी म्हणते, थ्रीजी बंद करतोय, सगळीकडे फोरजी पोचलं आहे, नकाशा पाहा. नकाशा खरा असतो. पण ऑस्ट्रेलियात थ्रीजी बंद करायच्या काही महिने आधी, मार्च २०२४ मध्ये, सरकारने सांगितलं की सुमारे ७ लाख ४० हजार फोनवरून थ्रीजी गेल्यावर आपत्कालीन क्रमांक लागणार नाही. त्यातल्या काहींचं दुखणं तर असं, की ते एरवी फोरजीवरून व्यवस्थित बोलत आणि आपत्कालीन कॉलसाठी मात्र गुपचूप थ्रीजीवर उडी मारत. वापरणाऱ्याला हे कळायला मार्गच नव्हता, कारण आपत्कालीन क्रमांक कोणी सहज लावून पाहत नाही. अखेर बंद करायची तारीख पुढे ढकलली गेली, २८ ऑक्टोबर २०२४ ला थ्रीजी गेलं, आणि असे फोन जाळ्यावर घेऊच नयेत असा नियम करावा लागला.

युरोपातल्या मोटारींचा किस्सा याहून बोलका आहे. ३१ मार्च २०१८ पासून तिथे नव्या प्रकारच्या गाड्यांमध्ये ई-कॉल सक्तीचा झाला. अपघात झाला की गाडी स्वतःच ११२ लावते आणि ठिकाण कळवते. ही माहिती जाते कशी? चालू कॉलच्या आवाजाच्या वाटेतूनच, सूर काढून, जुन्या मोडेमसारखी. माहिती जास्तीत जास्त १४० बाइट. ही योजना टूजी आणि थ्रीजीच्या आवाजाच्या वाटेवर बेतलेली होती. गाडी पंधरा वर्षं चालते. ज्या वर्षी ही सक्ती झाली, त्याच सुमारास कंपन्या थ्रीजी मिटवायची आखणी करत होत्या. फोरजीवरच्या ई-कॉलची सक्ती आली २०२६ पासूनच्या नव्या प्रकारच्या गाड्यांना. दरम्यानच्या लाखो गाड्यांचं काय, हे ना मोटार कंपनीच्या खात्यात येतं, ना फोन कंपनीच्या. गंमत म्हणजे हा धडा आधीच एकदा शिकून झाला होता. अमेरिकेत १८ फेब्रुवारी २००८ ला जुनी ॲनालॉग मोबाइल सेवा चालू ठेवायचं बंधन संपलं, त्या सुमारास केवळ ॲनालॉग यंत्रं असलेल्या गाड्यांमधली मदतसेवा अशीच बंद पडली होती.

आणि तांब्याची तार. तिच्यातून नुसता आवाज जात नसे, एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीजही येई. म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चाले. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. सेवेच्या व्याख्येत ‘वीज गेली तरी चालेल’ असं कोणी लिहिलेलं नव्हतं. तो तांब्याचा अंगभूत गुण होता आणि सेवा समजून लोक त्यावर विसंबले. ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं या बदलात निकामी झाल्याच्या गंभीर घटना घडल्या. मग डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी सक्तीचं स्थलांतर थांबवण्याचं कबूल केलं, आणि जुनी यंत्रणा बंद करायची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबली.

म्हणून माझा आग्रह असा, की नियामकांनी आपला प्रश्न बदलावा. आजचे त्यांचे तक्ते तंत्रज्ञानवार असतात. टूजीवर इतके कॉल तुटले, फोरजीवर इतका वेग मिळाला, अमुक टक्के भूभागावर फाइव्हजी. हे आकडे जाळ्याची तब्येत सांगतात. जिन्यावर घसरून पडलेला माणूस वरच्या मजल्याच्या हिशेबात येत नाही आणि खालच्याही. मोजायचं ते वापरणाऱ्याच्या टोकाकडून. क्रमांक फिरवला, मग मध्ये कितीही जाळी असोत, पलीकडे आवाज पोचला की नाही, किती वेळात पोचला. परवान्यातली जबाबदारीही तशीच लिहिलेली हवी: सेवेच्या नावाने आणि टोकापासून टोकापर्यंत. मधल्या जोडावर दोन कंपन्या असतील तर त्यांच्यापैकी कोण उत्तर देणार हे बिघाडाआधी ठरलेलं हवं. कॅनडात रॉजर्सनंतर सरकारने प्रतिस्पर्धी कंपन्यांना आपत्काळात एकमेकांना सांभाळून घेण्याचा करार करायला लावला. पॅरिसची वाट ती हीच.

आणि सराव हवा. इमारतीत आगीची कवायत होते, तशी जाळ्याचीही. एखादा गाभा खरोखर तोडून पाहायचा, टॉवर गप्प होतात का, फोन शेजारी जातात का, अभियंत्यांना वेगळ्या वाटेने यंत्रापर्यंत पोचता येतं का. कंपन्या म्हणतील हे धोक्याचं आहे. आहेच. पण टॉवर आपलं प्रसारण आवरतं घेतील हे ऑस्ट्रेलियातही कागदावर होतंच, आणि ते खोटं असल्याचं कळायला खरा बिघाडच व्हावा लागला. व्यवस्थापनाची वाट सेवेच्या वाटेपासून वेगळी ठेवणं हे तर इतकं उघड आहे, की ते नियमात लिहावं लागतं याचीच लाज वाटायला हवी.

यात खर्च आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन गाभे एकापेक्षा महाग, आणि कवायतीच्या रात्री ग्राहकांच्या तक्रारीही येणार. स्पर्धेत असलेली कंपनी हा खर्च आपणहून करणार नाही, कारण जो बिघाड झाला नाही त्याचं श्रेय कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच हे काम बाजारावर सोडता येत नाही.

शिवाय नवे सांधे येतच आहेत. २०२२ मध्ये पुऱ्या झालेल्या थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीपासून साध्या फोनने थेट उपग्रहाशी बोलणं मानकातच आलं. म्हणजे आता जमिनीवरच्या टॉवरची हद्द संपली की फोन आकाशाकडे वळेल. कोणत्या क्षणी वळेल? टॉवर अर्धमेला असेल, नुसताच ‘मी आहे’ म्हणत असेल, तरी वळेल का? उपग्रहाचा एक झोत अनेकदा देशांच्या सीमा ओलांडतो. मग त्यातून आलेला आपत्कालीन कॉल कोणत्या देशाच्या केंद्रात पडेल? ही उत्तरं आज लिहून ठेवता येतील, कारण यातलं बरंच अजून उभं राहायचं आहे.

१८ सप्टेंबर २०२५ ला ऑप्टसमध्ये एका फायरवॉलची, म्हणजे जाळ्यातली रहदारी तपासून सोडणाऱ्या यंत्रणेची, सुधारणा करण्यात आली. त्यानंतर तेरा-चौदा तास देशाच्या काही भागांत त्यांच्या जाळ्यावरून बहुतेकांचा ००० लागत नव्हता, आणि त्या तासांतल्या काही मृत्यूंशी या बिघाडाचं नाव जोडलं गेलं. बाकीचे सगळे कॉल व्यवस्थित चालू होते, त्यामुळे नियंत्रण कक्षात कोणाला काही वावगं दिसलं नाही. ००० लागत नाही, असं काही ग्राहकांनी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून सांगितलं होतं. ते फोन लागले. पण तिथे ऐकलेलं पुढे योग्य माणसापर्यंत पोचलं नाही.